मुलांच्या फुटबॉलचा पंच

पावसाळा लागला की आमच्या नाहूर, भांडुप, मुलुंड या बाजूच्या मोकळ्या जागांवर पोरांचा फुटबॉल सुरू होतो. क्रिकेटला चिखल चालत नाही. फुटबॉलला तो वर्ज्य नाही. अशा सामन्यांत पंचाचे काम मी पुष्कळ वर्षे केले. खेळाडूंविषयी सारेच बोलतात. आज त्या शिट्टी वाजविणाऱ्या माणसाविषयी चार शब्द सांगण्याचा विचार आहे.

हा पंच खेळाबरोबर जन्मलेला नव्हे. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉलचे नियम लेखी झाले, तेव्हा तंटा कर्णधारांनी आपसांत मिटवावा अशी समजूत होती. पुढे प्रत्येक पक्षाचा एकेक पंच आला, आणि त्या दोघांचे एकमत न झाल्यास ज्याच्याकडे दाद मागावयाची असा तिसरा गृहस्थ मैदानाबाहेर उभा राहू लागला. १८९१ साली त्या तिसऱ्यालाच मैदानात आणून निर्णयाचा अधिकार देण्यात आला, व बाकीचे दोघे रेषेवर गेले. योगायोग असा की, आपल्या मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धाही त्याच साली सुरू झाली.

नियम अवघे १७ आहेत. परंतु ते पाठ करणे निराळे व ऐन वेळी वापरणे निराळे. मोठ्या सामन्यात रेषेवर दोन साहाय्यक असतात. मुलांच्या सामन्यात बहुधा पंच एकटाच. त्याने एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरपे धावावे, म्हणजे खेळाची गर्दी नजरेआड होत नाही. आगळीक दिसली तरी लगेच शिट्टी फुंकू नये. जिच्यावर अन्याय झाला त्याच बाजूला पुढे संधी असेल, तर खेळ चालू द्यावा. पिवळी व तांबडी कार्डे १९७० च्या मेक्सिकोतील जागतिक स्पर्धेपासून आली. पण बारा वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा एक शब्दही पुरतो.

हे सारे मला येत होते. तरीही मी चुकलो, ती हकीकत सांगतो. शाळकरी मुलांचा सामना होता. पाऊस लागलेला, दोन्ही बाजूंची बरोबरी, आणि शेवटची थोडी मिनिटे उरलेली. गोलासमोर उंच उडालेला चेंडू बचावातील एका मुलाच्या अंगावर आदळला. मी लांब होतो, मध्ये दोघे आडवे आले. मला तो हात वाटला व मी पेनल्टी दिली. मुलगा धावत आला. "सर, खांद्याला लागला. बघा ना!" मी म्हणालो, "पंचाशी वाद घालू नये. मागे हो."

पेनल्टी मारली गेली, गोल झाला. तो मुलगा माझ्याजवळून परत जात असता त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, खांद्याच्या अगदी माथ्यावर, ओल्या चेंडूचा चिखलाचा वाटोळा ठसा मला दिसला. तोच तो मला दाखवीत होता.

काखेच्या तळाच्या पातळीवरचा भाग हात समजावयाचा नाही, असे नियमच सांगतो. खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी पंचाला आपला निर्णय बदलता येतो, नंतर नाही, हाही नियमच. म्हणजे चूक सुधारण्याची सवड मला मिळाली होती, ती मी अधिकाराच्या तोऱ्यात घालविली.

सामना संपल्यावर मी दोन्ही संघांना जवळ बोलावले व म्हणालो, "निकाल आता बदलत नाही; परंतु चूक माझी आहे. हा मुलगा खरे बोलत होता." एक पालक संतापून म्हणाले, "मग गोल काढून टाका!" त्यांना नियम समजावून सांगताना मला शरम वाटत होती. मुलगा मात्र काहीच बोलला नाही. पुढल्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढल्याही नाही. माझ्या एका शिट्टीने एक मूल खेळाला मुकले, असे वाटून मला चैन पडेना. तिसऱ्या रविवारी तो आला आणि म्हणाला, "सर, आज जवळून बघा."

तेव्हापासून पेनल्टी दिली की मी मनात तीन आकडे मोजतो, आणि कर्णधाराचे एक वाक्य ऐकून घेतो. वाद नव्हे, एक वाक्य. पंचाचा निर्णय मानावयाचा तो, पंच अचूक असतो म्हणून नव्हे. कोणी तरी शेवटचा शब्द बोलल्यावाचून खेळ पुढे सरकत नाही, म्हणून. ज्याच्या हाती असा शेवटचा शब्द आहे, त्याने तो उच्चारण्यापूर्वी डोळे उघडे ठेवावेत, इतकेच.

जाता जाता रेषेबाहेरच्या आईबापांना एक विनंती. मुलांच्या सामन्यातला पंच पुष्कळदा अठरा-वीस वर्षांचा तरुण असतो. त्याला हंगामभर शिव्या ऐकाव्या लागल्या, तर पुढल्या हंगामात तो शिट्टी खुंटीला अडकवितो, आणि मग आपल्याच मुलांचे सामने पंचावाचून अडतात. मूल घरी येऊन पंचाला नावे ठेवू लागले, तर त्याचे ऐकून अवश्य घ्यावे, पण मग हळूच विचारावे, "बरे, तू कसा खेळलास?"