जुनी गाडी : चालू करायची की नवी करायची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जुन्या विलायती मोटारसायकली घरच्या घरी दुरुस्त करण्याचा नाद अलीकडे बराच वाढला आहे. माझे आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये गेले. निवृत्तीनंतर घराची पडवी हीच माझी टूलरूम झाली. त्यामुळे कुणाकडे अशी गाडी निघाली की माझ्याकडे विचारणा होते. प्रश्न बहुधा एकच असतो : "काका, हिला अगदी नवी करून द्याल का?" आजचे माझे सगळे बोलणे या प्रश्नाभोवतीच आहे. जुनी गाडी चालू करणे आणि जुनी गाडी नवी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामात पुष्कळदा आपण गाडीच हरवून बसतो.

उदाहरणासाठी एकच गाडी घेऊ : बीएसए एम-२०. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन ही कंपनी काढली. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे तिचे चिन्ह. पुढे ती सायकली आणि मोटारसायकलीही करू लागली. एम-२० हे मॉडेल १९३७ सालचे. त्याचे इंजिन ४९६ सीसीचे, एका सिलिंडरचे, आणि व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर नसून बाजूला. ताकद जेमतेम १३ अश्वशक्ती आणि वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. म्हणजे धावण्यात घोडा नव्हे, बैलच. पण दुसऱ्या महायुद्धात सैन्याला असा बैलच हवा होता. हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चालणारा आणि रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करता येणारा. युद्धाच्या काळात अशा सुमारे १ लाख २६ हजार गाड्या तयार झाल्या. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बर्मिंगहॅममधील स्मॉल हीथ इथल्या या कारखान्यावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. रात्रपाळीचे ५३ कामगार त्यात गेले.

युद्ध संपले आणि सैन्याला या गाड्या नकोशा झाल्या. आपल्याकडेही त्या लिलावात निघाल्या. जुन्या माणसांच्या तोंडी अजून "डिस्पोजलची गाडी" हा शब्द आहे, तो तिथला. हिरवट-खाकी रंगाच्या गाड्या काळ्या झाल्या आणि गावोगाव हिंडू लागल्या. त्यांतल्या काही आज वाड्याच्या जिन्याखाली किंवा गोठ्यात पोत्याखाली पडून आहेत.

अशी गाडी हाती आली तर पहिले काम पाना उचलण्याचे नाही, वही उघडण्याचे आहे. इंजिनचा नंबर आणि फ्रेमचा नंबर उतरवून घ्या. युद्धकाळातल्या गाड्यांवर बहुधा आकड्यांआधी डब्ल्यू एम २० अशी अक्षरे असतात. प्रत्येक बाजूने फोटो काढा. मग एकेक भाग सुटा करा, आणि प्रत्येक भागाचे नटबोल्ट त्याच्याच डब्यात, चिठ्ठी लावून ठेवा. सगळे नटबोल्ट एकाच बादलीत टाकणारा माणूस सहा महिन्यांनी गाडी "आहे त्या स्थितीत" विकायला काढतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आता पाना. आपल्या घरातले मिलिमीटरचे पाने इथे उपयोगाचे नाहीत. या गाडीचे आटे इंग्रजी, आणि तेही एका जातीचे नाहीत. काही व्हिटवर्थ जातीचे, म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या पद्धतीचे. त्यांचा कोन ५५ अंशांचा. काही सायकलचे आटे, त्यांचा कोन ६० अंशांचा आणि इंचाला बहुधा २६ आटे. गंमत अशी, की व्हिटवर्थ पान्यावर जो आकडा असतो तो नटाच्या डोक्याचा नसतो, बोल्टाच्या जाडीचा असतो. पाव इंची, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत दोन सुती पान्याचे तोंड प्रत्यक्षात १३.३ मिलिमीटर असते. त्या नटाला १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा लावला तर नटाचे कोपरे गोल होतात. ज्या गाडीचे नट गोल झालेले दिसतात, तिच्यावर आधी कुणीतरी घाई केली आहे असे समजावे.

आट्यांची आणखी एक फसवी गोष्ट. इंचाला २६ आटे असलेल्या पाव इंची भोकात ६ मिलिमीटरचा बोल्ट फिरतो. आट्यांमधले अंतर जवळजवळ सारखे असते ना! पण बोल्ट बारीक पडतो. तो लागल्यासारखा वाटतो, आवळायला जावे तर ॲल्युमिनियममधले आटे घेऊन बाहेर येतो. म्हणून एक इंची टॅप-डायचा संच आणि एक आटे मोजायची पट्टी एवढा खर्च आधी करावा. क्रोमचा खर्च नंतर.

इंजिन उघडले की मोजमाप. इथे खरी कसोटी आहे. सिलिंडरचा मूळ बोअर ८२ मिलिमीटर. तो वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा दोनदा मोजायचा. झीज सगळ्यात जास्त वरच्या बाजूला, पिस्टनची वरची रिंग जिथे परत फिरते तिथे असते. पुष्कळ लोक गाडी उघडली की विचार न करता सिलिंडर लेथवाल्याकडे पाठवतात. पण रिबोअर म्हणजे सिलिंडरमधले लोखंड काढून टाकणे. वीस थाउ, चाळीस थाउ, अशा एकेक पायऱ्या आहेत. काढलेले लोखंड परत येत नाही. पायऱ्या संपल्या की आत स्लीव्ह बसवावी लागते. झीज मर्यादेत असेल तर नव्या रिंगा घालून गाडी आणखी कितीतरी वर्षे चालते. तेव्हा आधी मोजा, मग ठरवा. टूलरूममध्ये आम्हाला हेच शिकवले होते.

विजेचे तंत्रही समजून घेण्यासारखे आहे. या गाडीला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो. त्याच्या आत आर्मेचर फिरते आणि त्या आर्मेचरच्याच पोटात कंडेन्सर असतो. कंडेन्सर म्हातारा झाला की गाडी सकाळी छान सुरू होते, पाच-सात किलोमीटरवर गरम झाली की बंद पडते, आणि गार झाली की पुन्हा सुरू होते. अशा वेळी लोक कार्बोरेटर दहादा उघडतात. दोष असतो मॅग्नेटोत. आर्मेचर बाहेर काढण्याआधी ब्रशचे होल्डर तर काढायचेच, शिवाय अंगावरचा एक छोटा सुरक्षा-स्क्रूही काढायचा. तो राहिला तर आतली स्लिप रिंग फुटते. आणि आर्मेचर बाहेर आले की चुंबकाच्या तोंडावर लोखंडी पट्टी ठेवायची, नाहीतर चुंबक कमजोर होतो.

घरी काम करणाऱ्यांसाठी तीन सावधगिरीच्या गोष्टी. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. दुसरे, पेट्रोलची रिकामी टाकी वेल्डिंगला द्यायची असेल तर हे काम नेहमी करणाऱ्या माणसाकडेच द्या. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. तिसरे, आजचे पेट्रोल. आता आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल ओलावा ओढते, जुने रबर फुगवते आणि पेट्रोलच्या कॉकमधले बूच खराब करते. तेव्हा नळी इथेनॉल सोसणारी घाला, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

इथपर्यंत सगळे तंत्राचे झाले. आता मुख्य मुद्द्याकडे येतो. काय बदलायचे, हे पुस्तकात सापडते. काय बदलायचे नाही, हे सापडत नाही.

एक साधी गोष्ट बघा. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि सिंगापूर घेतले. जगाचे रबर तिथून यायचे, ते बंद झाले. मग एम-२० च्या हँडलवर रबरी मुठींऐवजी कॅनव्हासच्या मुठी आल्या, आणि पाय ठेवायच्या दांड्यांवरचे रबर जाऊन नुसते लोखंड राहिले. आज कुणी अशी गाडी "नवी" करताना त्या मळक्या मुठी फेकतो आणि बाजारातल्या चकचकीत रबरी मुठी बसवतो. दिसायला गाडी सुधारते. पण युद्धाने रबर कसे आटवले, हे सांगणारी हातभर लांबीची साक्ष कचऱ्यात जाते. तेच क्रोमचे. सैन्याच्या गाडीला झगमगाट चालत नसे. त्या गाडीच्या रिमला आणि सायलेन्सरला क्रोम केले, की ती कधीच नव्हती अशी गाडी होते.

पण मग "मूळ" कशाला म्हणायचे? हा प्रश्न मला एका गाडीने विचारला. माझ्या एका स्नेह्यांचे वडील तालुक्याच्या गावी डॉक्टर होते. १९५० नंतर कधीतरी त्यांनी डिस्पोजलची एम-२० घेतली आणि पंचवीस वर्षे तिच्यावरून खेड्यापाड्यांत व्हिजिटला गेले. औषधांची पेटी ठेवायला गावच्या लोहाराकडून त्यांनी मागे एक कॅरिअर करून घेतले होते. वडील गेल्यावर ती गाडी माझ्याकडे आली. स्नेह्यांच्या मुलाने इंटरनेटवर युद्धकाळातले फोटो पाहिले होते. त्याचे म्हणणे, कॅरिअर काढून टाका, सैन्याचा रंग द्या. स्नेही काही बोलले नाहीत. फक्त कॅरिअरवरून हात फिरवत उभे राहिले.

आम्ही तिघांनी बसून विचार केला. टाकीच्या खालच्या बाजूला, जिथे सहसा नजर जात नाही, तिथे बारीक पॉलिश पेपरने पाण्यात तळहाताएवढी जागा हळूहळू घासली. आधी काळा रंग निघाला, त्याखाली आणखी एक काळा, आणि सगळ्यात खाली हिरवट खाकी. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे गाडीचे सारे आयुष्य तिथे होते. कॅरिअर पाहिले, तर लोहाराने फ्रेमला कुठेही वेल्डिंग केले नव्हते. आधीच्याच भोकांत बोल्ट घालून ते बसवले होते. म्हणजे ते ठेवल्याने गाडीचे काही बिघडत नव्हते, आणि काढल्याने मात्र डॉक्टरांची पंचवीस वर्षे निघून जात होती. कॅरिअर राहिले. रंगही राहिला. जिथे गंज पोचला होता तेवढीच जागा साफ करून रंगवली. रिंगा, व्हॉल्व्ह, मॅग्नेटोचा कंडेन्सर, टायर-ट्यूब, वायरिंग आणि ब्रेक लायनर बदलले. जुने काढलेले भाग चिठ्ठ्या लावून एका पेटीत त्यांच्या हवाली केले. मुलगा पहिले दोन दिवस नाराज होता. नंतर आजोबा कोणकोणत्या गावांना जायचे, याची यादी त्यानेच वडिलांना विचारून त्या वहीत लिहिली.

कायदाही आता याच दिशेने बोलतो. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली, अशी गाडी त्यात बसते. नंबरात "व्हीए" ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला नाही. म्हणजे फ्रेम कापून, इंजिन बदलून केलेली "सुंदर" गाडी उद्या या व्याख्येत बसणारच नाही.

आणि ज्यांना नवीच गाडी हवी, त्यांचीही सोय झाली आहे. मूळ बीएसए कंपनी १९७३ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन संपली. २०१६ मध्ये महिंद्र समूहाने ते नाव विकत घेतले आणि १५ ऑगस्ट २०२४ ला बीएसएची नवी गोल्ड स्टार भारतात आली. चकाकी हवी असेल तर ती शोरूममधून आणावी. त्यासाठी ऐंशी वर्षांची म्हातारी सोलून काढण्याचे कारण नाही.

श्रोतेहो, तुमच्या किंवा नातेवाइकांच्या घरी पोत्याखाली अशी एखादी गाडी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तीन कामे करा. प्लग काढून भोकातून तीन-चार चमचे इंजिन ऑइल सोडा, आठ दिवस तसेच ठेवा, आणि तोवर कुणालाही किक मारू देऊ नका. जाम झालेल्या पिस्टनवर जोर केला तर तुटते ते पुन्हा मिळत नाही. दुसरे, आरसी बुक, जुन्या पावत्या, विम्याचे कागद, जे सापडेल ते एका पिशवीत गोळा करा. गाडीच्या किमतीत निम्मा वाटा कागदांचा असतो. तिसरे काम सगळ्यात सोपे आणि सगळ्यात निकडीचे. ती गाडी चालवलेले कुणी घरात हयात असेल, तर त्यांच्याजवळ बसून विचारा : कुठून आणली, कितीला घेतली, कुठे बंद पडली, कुणी दुरुस्त केली. पिस्टन विलायतेहून मागवता येतो. ही उत्तरे कुठूनच मागवता येत नाहीत.