दाताचा हिशेब

त, थ, द, ध, न ही दंत्य अक्षरे. पुढचा दात गेला की कवितावाचनात तीही घसरू शकतात. म्हणून मी दंतरोपणाची, म्हणजे इम्प्लांटची, चौकशी केली. एका दाताचे ३५ हजार रुपये! घरात विषय काढला, तर बायको म्हणाली, "धाकटीच्या फीचं काय?"

मग मी आकड्याची फोड मागितली. हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावरचा जोडभाग आणि वरची टोपी, असे हे तीन भाग. सांगितलेल्या दरात तिन्ही धरलेत का, हे आधी विचारावे. स्कॅन निराळा, हाड झिजले असेल, तर ते भरण्याचा खर्चही निराळा. स्क्रू हाडात रुजायला बहुधा तीन ते सहा महिने लागतात; तेव्हा टप्प्याटप्प्याने पैसे चालतील का, हेही विचारावे.

ब्रिज स्वस्त पडतो, पण त्यासाठी शेजारचे धडधाकट दात घासावे लागतात. काढघालीची कवळी त्याहून स्वस्त. दंतमहाविद्यालयाच्या रुग्णालयातही चौकशी करावी. तिथे खर्च सहसा कमी येतो.

मी अजून ठरवलेले नाही. पण सगळा खर्च कागदावर लिहून घेतला आहे. तुम्हीही घ्या. तोंडी हिशेबाला दात नसतात.