पाहुणा जातच नाही

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

समजा, सातवीच्या वर्गात पावसावरची एक कविता शिकवून झाली आहे. कवितेत पावसाला पाहुणा म्हटले आहे. शिक्षक फळ्यावर प्रश्न लिहितात, 'ही कल्पना तुम्हाला कशी वाटली? पाच-सहा ओळींत लिहा.'

एका वहीत उत्तर येते: 'प्रस्तुत कवितेत कवीने पावसाचे सुंदर व हुबेहूब वर्णन केले आहे. कवितेची भाषा साधी, सोपी व ओघवती आहे. ही कविता मनाला भिडते.' दुसरी वही गडचिरोलीतल्या भामरागडकडच्या मुलाची. तो लिहितो: 'कवी पावसाला पाहुना म्हनते. पाहुना दोन दिवस राहते अन् जाते. आमच्याकडे पर्लकोटाला पूर आला का रस्ता बंद होते. मंग पाहुना जातच नाही.'

पहिल्या वहीला पाचपैकी चार गुण मिळतात. दुसऱ्या वहीत लाल शाईने 'पाहुणा', 'म्हणतो', 'राहतो', 'होतो', 'मग' अशा दुरुस्त्या होतात, खाली 'विषयांतर' असा शेरा पडतो आणि गुण मिळतात दोन.

दोन्ही उत्तरे या व्याख्यानासाठी रचलेली आहेत, पण मराठी शिकवणाऱ्या कुणाला ती अनोळखी वाटायची नाहीत. पहिले उत्तर चिमणीच्या कवितेलाही चालेल, आईच्याही आणि शेतकऱ्याच्याही. 'पाहुणा' हा शब्द त्यात एकदाही आलेला नाही. दुसऱ्या मुलाने नेमका तोच शब्द पकडला, आपल्या गावाच्या पुरावर घासून पाहिला आणि तो कुठे अपुरा पडतो ते दाखवले. 'रूपक' हे नाव त्याला ठाऊक नसेल. रूपक चालते कसे आणि अडते कुठे, हे मात्र त्याला कळले आहे. रसग्रहण म्हणतात ते यालाच.

मग 'प्रस्तुत कवितेत' हे शब्द सातवीत येतात कुठून? वरच्या वर्गांतून. दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत काव्यपंक्तींच्या रसग्रहणाला ४ गुण असतात आणि ते आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये या तीन मुद्द्यांवर तपासले जाते. मुद्दे चांगलेच आहेत. पण प्रत्येक मुद्द्याला गाईडमध्ये एक तयार वाक्य सापडते आणि मुले ते वाक्य दहावीच्या कितीतरी आधी पाठ करू लागतात. २०१९ साली भाषांचे २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन नव्हते. त्या वर्षी दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि लगेच पुढच्या वर्षी ते गुण परत आणले गेले. टक्क्यांवरून केवढा गदारोळ झाला! मुलांनी उत्तरांत लिहिले काय, हा प्रश्न त्यात मागेच राहिला.

खालच्या वर्गांसाठी महाराष्ट्राने २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. सातवी-आठवीला आकारिक मूल्यमापनाचा भार ४० टक्के आणि संकलित मूल्यमापनाचा ६०. शिवाय प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद. कल्पना उत्तम होती. पण नोंदींच्याही छापील याद्या निघाल्या आणि 'कवितेचा आस्वाद घेतो' हे वाक्य अख्ख्या वर्गापुढे उतरवता येऊ लागले. मुलाने पाठ केलेल्या वाक्यावर मास्तरांनी उतरवून घेतलेले वाक्य! फिट्टंफाट.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत या सगळ्याला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलली जाते. सिरोंच्याकडे तेलुगू ऐकू येते, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, तर दोन्ही जिल्ह्यांतल्या धानाच्या पट्ट्यात झाडीबोली. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, 'डोळा'चा 'डोरा' होतो आणि 'तो जाते' हेच रीतसर रूप असते. दंडार आणि झाडीपट्टीची नाटके ज्या बोलीने जोपासली, तीच बोली वहीत आली की लाल शाईची धनी होते. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, हे त्या वहीला कोण सांगणार?

माडिया मुलाची अडचण आणखी खोल आहे. त्याची माडिया गोंडीच्या जवळची, आणि गोंडी द्रविड कुळातली भाषा. तिच्यात पुरुषवाचक नामे एका बाजूला, आणि बायका, जनावरे व वस्तू यांची नामे दुसऱ्या बाजूला. मराठीत मात्र 'तो रस्ता', 'ती वाट', 'ते रान'. रस्त्याने पुरुष का व्हावे आणि वाटेने बाई का व्हावे, याचे समाधानकारक उत्तर मराठीच्या प्राध्यापकांनाही देता येणार नाही. त्या मुलाच्या लिंगाच्या चुका सुधारायच्या आहेतच. पण त्या चुकांची वजाबाकी कवितेच्या समजेतून करायची नाही.

गुण देणाऱ्यांची नजर किती बदलते, हे जगाने मोजून पाहिले आहे. १९१२ साली अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका दीडशेच्या आसपास शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कुणी ५० गुण दिले, तर कुणी ९७. १९६१ साली पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ जणांना वाचायला दिले. एक ते नऊ अशा श्रेणी होत्या, आणि १०१ निबंधांना त्या नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या. वाचणाऱ्यांचे शेरे तपासल्यावर कारणही सापडले. कुणी विचाराला गुण देत होते, कुणी शुद्धलेखनाला, कुणी मांडणीला. यात लबाडी कुणाचीच नव्हती. प्रत्येक जण वेगळीच गोष्ट मोजत होता, इतकेच.

केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांनी तर विद्यार्थ्यांना कवीचे नाव झाकून कविता दिल्या आणि त्यांची उत्तरे १९२९ साली पुस्तकात मांडली. विद्यापीठातली ती शिकलीसवरली मुलेसुद्धा कवितेतल्या शब्दांऐवजी ठरीव भावनांवर बोलत होती. सातवीच्या मुलाला मग नावे का ठेवावीत?

प्रस्तुत वक्त्याची सूचना साधी आहे. उत्तर दोनदा वाचावे. पहिल्या वाचनात हातात पेन घेऊच नये. मुलाने कवितेतला एखादा शब्द बोट ठेवून दाखवला का, आणि तो तिथे काय करतो ते आपल्या शब्दांत सांगितले का, एवढेच पाहावे आणि पाचपैकी गुण द्यावेत. भाषेच्या दुरुस्त्या दुसऱ्या वाचनात कराव्यात, त्याही एका वेळी एकाच प्रकारच्या आणि गुणांना हात न लावता. 'छान' किंवा 'विषयांतर' लिहिण्याऐवजी मुलाला एक प्रश्न लिहावा. भामरागडच्या त्या वहीत तो असा असता: 'न जाणाऱ्या पाहुण्याला तुमच्या गावात काय म्हणतात?' त्याचे उत्तर माडियात आले तरी चालावे. वर्गात ती भाषा जाणणारे कुणी ना कुणी असतेच.

साठ वह्या आणि वर निवडणुकीची, गणनेची कामे असताना हे कसे जमायचे, असा प्रश्न येईल. तो रास्त आहे. सगळ्या वह्या दर वेळी अशा तपासता येणार नाहीत. दर आठवड्याला दहा तपासल्या, तरी सहा आठवड्यांत वर्ग पुरा होतो.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर गेल्या वर्षीची एक वही शोधा, तिच्यावरचे नाव आणि गुण झाका, ती दुसऱ्या शाळेतल्या सहकाऱ्याला तपासायला द्या आणि दोघांनी दिलेले गुण शेजारी शेजारी ठेवून बघा.