बांध हवा, पण सांडवाही हवा
(नागपूर येथील जिल्हा मेळाव्यातील भाषण)



राज्य कसे चालावे हा प्रश्न पंडितांचा, असे आपल्याला वाटते. खरे तर तो आपल्या धुऱ्यावरचा प्रश्न आहे. उतारावरच्या वावराला बांध नसला तर एका पावसात माती नाल्यात जाते. बांध घातला, पण सांडवा ठेवला नाही, तर पाणी तुंबते, पऱ्हाटी पिवळी पडते आणि शेवटी बांधच फुटतो. बांध म्हणजे सरकारची शिस्त, सांडवा म्हणजे माणसाचे स्वातंत्र्य. दोहोंपैकी एक नसले की उरते ती अंदाधुंदी.

बांध नसलेले राज्य आपल्या मुलखाने भोगले आहे. 1818 च्या आधी पेंढारी या भागात धाडी घालत. वऱ्हाडातल्या गावोगावच्या ढासळलेल्या गढ्या जाऊन पाहा. पीक घरात येईल याची खात्री नसेल तर पेरायचे कशाला? म्हणून शिस्तच नको, असे कोणी शेतकरी म्हणणार नाही.

आता सांडवा बुजवला की काय होते ते बघा. 1971 साली कायदा झाला आणि 1972 च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी आली. हेतू वाईट नव्हता. व्यापारी काट्यात मारत होता, भाव पाडत होता. सरकार म्हणाले, आम्ही भाव बांधून देतो, खरेदी आम्हीच करतो. इथपर्यंत बांध झाला. पण पुढे म्हणाले, आमच्याशिवाय कोणाला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही.

1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती. काटोल, नरखेड, पांढुर्णा, सौंसर एकाच राज्यात होते. सोयरिकी आजही आहेत. पण 1972 नंतर नरखेडचा कापूस पांढुर्ण्याला नेणे गुन्हा ठरला. लेक त्या गावाला देता येत होती, कापूस देता येत नव्हता! घामाचा माल रात्री चोरासारखा न्यायचा. इकडे केंद्रावर बंड्यांची रांग. प्रत ठरवणारा तोच, भाव देणारा तोच, चुकारा लांबवणारा तोच. गाऱ्हाणे सांगायचे कोणाला? त्यालाच.

आणि एवढी शिस्त लावून साधले काय? बाहेर भाव चढला की कापूस चोरून बाहेर जाई. आत भाव जास्त असला की परराज्यातला कापूस आत येई आणि तोटा तिजोरीवर बसे. शिस्तीच्याच पोटी अंदाधुंदी जन्मली. 2002 साली खासगी खरेदीला वाट मिळाली.

चीनच्या शियाओगांग गावात 1978 साली 18 शेतकऱ्यांनी सामूहिक शेतीची जमीन गुपचूप घराघरांत वाटून घेतली, कागदावर अंगठे उमटवले. पीक वाढले. पुढे सरकारलाच धोरण बदलावे लागले. त्यांना सरकार बदलण्याचे मत नव्हते. आपल्याला मत होते, तरी तीस वर्षे गेली. का? मत पाच वर्षांतून एकदा, कापूस मात्र दरसाल. आणि ज्या वर्षी केंद्राचा भाव बरा मिळाला, त्या वर्षी आपल्यातलेही पुष्कळ जण गप्प बसले. ही आपली चूक कबूल केली पाहिजे.

आणखी एक खरे बोलतो. दार उघडले म्हणून कर्ज फिटले नाही, आत्महत्या थांबल्या नाहीत. व्यापाऱ्याचा काटा आपोआप सरळ झाला नाही. भाव पडतो तेव्हा आजही आपण सीसीआयच्या केंद्राकडे पाहतो. पाहावेच. केंद्र असावे, वेळेवर उघडावे. पण तो आपला एक रस्ता असावा, एकुलता एक नसावा.

तेव्हा यापुढे कोणताही कायदा आला की तीन प्रश्न विचारा. हा कायदा काटा तपासतो की दार लावतो? अन्याय झाला तर करणाऱ्याच्या वरच्याकडे, कोर्टाकडे जाता येते का? आणि मला नको असेल तर नको म्हणता येते का?

या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय हात वर करू नका. या व्यासपीठावरून आलेल्या मागणीलाही हेच प्रश्न विचारा. मलाही विचारा.