पुरवणी मागण्या
नदीला पूर येतो तो अर्थसंकल्प पाहून येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला महापूर आला, आणि करजगी ज्या अफझलपूर तालुक्यात मोडते त्या तालुक्यातील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. वर्षाचा अर्थसंकल्प तर केव्हाच मंजूर झालेला होता. आपत्तिनिवारणासाठी वर्षारंभी काही रक्कम राखून ठेवलेली असते, हे खरे. पण ती अपुरी पडली, तर पुढचा पैसा शासनाने कोणत्या अधिकाराने खर्चावा?

कायद्याच्या आधाराखेरीज संचित निधीतून एक पैही काढता येत नाही, असा आपल्या संविधानाचा दंडक आहे. म्हणून मंजूर रक्कम अपुरी पडली किंवा एखादे अगदी नवे काम उद्भवले, म्हणजे सरकारला पुन्हा सभागृहापुढे यावे लागते. संसदेसाठी ११५ वा आणि राज्यांसाठी २०५ वा अनुच्छेद ही वाट दाखवितो. बंगळूरचे विधिमंडळ असो की मुंबईचे, रीत एकच. खात्याची निकड वित्त विभाग तपासतो, मागणी विधानसभेत मांडली जाते, तिच्यावर चर्चा व मतदान होते आणि विनियोजन विधेयक संमत झाल्यावरच तिजोरी उघडते. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने संसदेपुढे सुमारे २ लाख ३५ हजार कोटी रुपयांच्या अशा मागण्या ठेवल्या. त्या करोनाच्या साथीने ओढवलेल्या होत्या.

सभागृहाची बैठक नसेल, तर आकस्मिकता निधीतून अग्रिम घेता येतो. परंतु तो पुढे पुरवणी मागणीनेच भरून काढावा लागतो. मंजुरीपेक्षा अधिक खर्च होऊन गेला असेल, तर लोकलेखा समिती त्याची कारणे तपासते आणि मग अधिक अनुदानाची मागणी सभागृहापुढे येते.

या सोयीत एक धोकाही आहे. दर अधिवेशनात पुरवणी मागण्यांचे बाड जाडजूड होऊ लागले आणि चर्चेविना संमत होऊ लागले, तर मूळ अर्थसंकल्पाला अर्थ तो काय उरला? संकटाचा खर्च आणि ढिसाळ अंदाजाचा खर्च यांतील भेद ओळखणे हे लोकप्रतिनिधीचे काम होय. तो भेद त्याने विचारला नाही, तर भीमाकाठच्या शेतकऱ्याच्या नावाने मागितलेला पैसा त्याच्या बांधापर्यंत पोहोचला की नाही, हे कोणालाच कळणार नाही.