थाई बोली शिकायची, तर कोणत्या वर्गात बसायचं?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



धम्माच्या तत्त्वज्ञानावर बोलणारे विद्वान वक्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत. आम्ही गिरणीत राबणारी माणसं. पाळी सुटल्यावर जे वाचता आलं तेवढंच आमचं शिक्षण. म्हणून आज आम्ही एका व्यवहाराच्या गोष्टीवर बोलणार आहोत. आपल्या वस्तीतली काही पोरं-पोरी थाई भाषा शिकायची म्हणतात. कुणाला श्रामणेर होऊन थायलंडला जायचं आहे, कुणाला तिथल्या बौद्ध विद्यापीठात शिकायचं आहे, तर कुणाला कामधंदा पाहिजे. महिनाभरात बोलायला शिकवतो, असं सांगणारे वर्ग आहेत. घरोघरी मायबाप विचारतात, पैसे भरावे की भरू नये? या प्रश्नाचं उत्तर विहारात सगळ्यांसमोर शोधलेलं बरं.

आधी हे पाहू, की थाईच का? थायलंडचा आणि आपला संबंध आता नुसत्या मूर्तीपुरता राहिला नाही. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत थायलंडचे शंभरावर भिक्खू परभणीहून निघून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत पायी चालत गेले. रस्त्यावर आपल्या लोकांनी फुलं अंथरली, भोजनदान दिलं. जागतिक बौद्ध बंधुत्व संघाचं मुख्यालय बँकॉकला आहे. याच संघाच्या परिषदेला बाबासाहेब १९५४ मध्ये रंगूनला आणि १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला गेले होते. मार्ग त्यांनीच दाखवला, आपण त्यावर चाललो पाहिजे.

पण बंधूंनो, पाहुणा आला की आपण करतो काय? हात जोडतो, हसतो आणि दुभाष्याच्या तोंडाकडे पाहतो. दुभाष्या दहा वाक्यांचं एक वाक्य करतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय घडलं, दोनच दिवसांनी १६ ऑक्टोबरला आपल्या चांद्यात काय घडलं, आपल्या आजा-आजीनं कोणतं जिणं सोडून धम्म घेतला, हे त्या पाहुण्याला कोण सांगणार? ज्या देशात माणूस जन्मापासून बौद्ध असतो, तिथल्या उपासकाला हे आपोआप कसं कळेल? त्यांनी आपल्याला बुद्धमूर्ती दिल्या. त्याच्या बदल्यात द्यायला आपल्याजवळ आपली हकिकत आहे. ती दुसऱ्याच्या तोंडून गेली तर अर्धी होते. आपल्या महिला मंडळाच्या भगिनींचाही एक प्रश्न आहे. १९२८ च्या संघराजांच्या आदेशामुळे थायलंडचा संघ आजही स्त्रियांना भिक्खुणीची उपसंपदा देत नाही, असं का? हा प्रश्न भांडण न करता, मैत्रीनं विचारायचा असेल तर भाषा लागते.

भाषेचं महत्त्व बाबासाहेबांनी जाणलं होतं. पालीचा शब्दकोश आणि व्याकरण त्यांनी स्वतः तयार केलं. ते महाराष्ट्र शासनानं त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात छापलं आहे. नागपुरात महास्थविर चंद्रमणींनी दीक्षा दिली ती पालीत, आणि बावीस प्रतिज्ञा बाबासाहेबांनी आपल्या लोकांना दिल्या त्या मराठीत. जगाशी जोडणारी एक भाषा आणि काळजाला भिडणारी एक भाषा, दोन्ही पाहिजेत.

आता थाई भाषा आहे कशी ते पाहू. पुष्कळांना वाटते, त्यांचा धम्म तोच तर भाषाही पालीसारखी असेल. तसं नाही. तिचं कुळच वेगळं आहे. आसाम-अरुणाचलातल्या खामती बौद्ध बांधवांची बोली तिच्या गोतातली आहे, आपली मराठी नाही. 'पाय' म्हणजे जाणे, 'मा' म्हणजे येणे, 'किन' म्हणजे खाणे. यात आपल्या ओळखीचं काही सापडत नाही. पण धम्माचे आणि विद्येचे शब्द आले, की आपलं घर दिसायला लागते. गुरूला ते 'ख्रू' म्हणतात, आचार्याला 'आचान', विहाराला 'विहान', आहाराला 'आहान', वेळेला 'वेला', पुण्याला 'बुन', पापाला 'बाप', दानाला 'थान', नगराला 'नाखोन'. नीट पाहिलं तर यात एक नियम आहे. आपला 'ग' तिकडे 'ख' होतो, 'द' चा 'थ' आणि 'ब' चा 'फ' होतो. आपला 'प' तिकडे 'ब' होतो आणि 'त' चा 'द' होतो. शब्दाच्या शेवटचा 'र' त्यांच्या तोंडी 'न' होतो. म्हणूनच त्यांच्या वंदनेत 'बुद्धं' हा शब्द 'फुत्थांग' असा ऐकू येतो आणि आपली माणसं गोंधळतात. वंदना तीच आहे, उच्चार त्यांचा आहे. थायलंडचा राजा चुलालोंगकोर्न यानं १८९३ मध्ये अख्खं पाली त्रिपिटक थाई अक्षरांत ३९ खंडांत छापलं होतं.

अक्षरांचंही तसंच आहे. त्यांची लिपी ख्मेर लिपीतून आली आणि तिचं मूळ दक्षिण भारतातून थेट ब्राह्मीपर्यंत जाते. त्यांची व्यंजनं ४४ आहेत, पण लावणी आपल्या क-ख-ग-घ सारखीच वर्गवार आहे. क आणि ख, त आणि थ, प आणि फ यांतला फरक गोऱ्या माणसाला महिना महिना कळत नाही, आपल्या लेकराला तो पहिल्याच दिवशी कळतो. व्याकरणही सोपं. गेला, गेली, गेले अशी भानगड नाही. क्रियापद बदलतच नाही.

मग अवघड काय? अवघड आहे सूर. थाईत पाच सूर आहेत. 'मा' हा शब्द सपाट म्हटला तर येणे, उंच म्हटला तर घोडा आणि खालून वर चढवत नेला तर कुत्रा. 'खाव' वरून खाली आणला तर भात, खालीच ठेवला तर बातमी, चढवत नेला तर पांढरा. आपण धान पिकवणारी माणसं. भात मागताना बातमी मागितली तर उपाशीच राहू! देवनागरीत हे सूर लिहिता येत नाहीत, इंग्रजी अक्षरांतही नीट येत नाहीत. म्हणून पुस्तकातून थाई बोलता येत नाही. कानानं ऐकावी लागते आणि चूक लगेच दुरुस्त करणारा माणूस समोर पाहिजे.

आता महिनाभराच्या वर्गाचा हिशोब करू. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना थाई शिकवते तेव्हा ४४ आठवडे, म्हणजे सुमारे ११०० तास धरते. ही मंडळी दुसरं काम न करता, पगार घेऊन शिकतात. आपल्याकडचा वर्ग रोज दोन तास असा ३० दिवस चालला तर ६० तास झाले. ११०० चा हा अठरावा भाग. म्हणून जो कुणी ३० दिवसांत फाडफाड बोलायची हमी देतो, त्याच्या दारातूनच परत फिरा. पण याचा अर्थ ६० तास वाया जातात असा नाही. नमस्कार, नाव-गाव सांगणं, आकडे, भाव, रस्ता विचारणं, जेवण, दुखणं-खुपणं आणि विहारातली बोलणी, एवढं ६० तासांत बसू शकते. शिवाय आठवड्यातून एकदा तास भर बसण्यापेक्षा रोज बसणं चांगलं, कारण आठ दिवसांत सूर कानातून निघून जातात. म्हणून थोड्या दिवसांचा पण रोजचा वर्ग आम्हाला पटतो. फक्त त्याच्याकडून किती मागायचं हे आधी ठरवलं पाहिजे.

वर्ग निवडताना मायबापांनी काही प्रश्न विचारावे. शिकवणारा कोण? त्याची मायबोली थाई आहे, की तो तिथं वर्षानुवर्षं राहून आलेला आहे, की नुसतं पुस्तक वाचून शिकवतो? वर्गात माणसं किती? चाळीस जण बसले तर दोन तासांत एकाच्या वाट्याला तीन मिनिटं येतात. आठ-दहांच्या वर जाऊ नये. सूर पहिल्या दिवसापासून शिकवतात की 'नंतर पाहू' म्हणतात? नंतर पाहू म्हणणाऱ्याकडे जाऊ नये, कारण चुकीचा सूर एकदा बसला की निघत नाही. निम्म्याहून जास्त वेळ शिकणारा बोलतो की मास्तरच बोलतो? लिपीची तोंडओळख देतात का? महिन्यात वाचन येणार नाही, पण अक्षरं ओळखता आली तर पुढं घरी अभ्यास चालतो.

आणखी एक प्रश्न आपल्यासाठी खास आहे. बाजाराची थाई शिकवतात की विहाराचीही? तिथं भिक्खूंशी बोलण्याचे शब्द वेगळे आहेत. साध्या माणसाला 'सवातदी' म्हणतात, भिक्खूंना 'नमत्सकान' म्हणतात. हा आपला नमस्कारच आहे. साधा माणूस 'किन' करतो, भिक्खू 'छान' करतात. वाक्याच्या शेवटी पुरुषानं 'ख्रप' आणि बाईनं 'खा' लावलं नाही तर बोलणं उद्धट वाटते. अनोळखी माणसालाही ते थोरला असेल तर 'फी', धाकटा असेल तर 'नोंग' म्हणतात, जसं आपण दादा, ताई, बाळा म्हणतो. हे शिकवणारा वर्ग खरा. आणि पैसे भरण्याआधी एक दिवस फुकट बसू द्या म्हणावं. फी कागदावर लिहून घ्यावी, पावती घ्यावी. ज्याचा वर्ग चांगला आहे तो याला नाही म्हणणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्गाबरोबर थायलंडात नोकरी, असं जिथं सांगतात तिथं दहादा विचार करा. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारनं हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना थायलंडच्या सीमेवरून परत आणलं. नोकरीच्या आमिषानं नेलेल्या या लोकांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर कामाला जुंपलं होतं. महाराष्ट्रातलीही पोरं अशा अड्ड्यांवरून सोडवून आणावी लागली. पर्यटक म्हणून जाऊन तिथं काम करणं बेकायदेशीर आहे, त्यासाठी कामाचा परवाना लागतो. परदेशी नोकरी लावणारा दलाल सरकारकडे नोंदलेला आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. जो भाषा शिकवतो त्यानं भाषाच शिकवावी. पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नये, मग तो कितीही जयभीम म्हणो!

वेळेचा प्रश्न राहिला. रोवणीत कुणाला सवड नाही, धानकापणीत नाही, मे महिन्यात अर्धी वस्ती तेंदूपत्त्याला जंगलात असते. धान घरात आल्यावर शेतावरची पोरं मोकळी होतात, पण तेव्हाच गिरण्या जोरात चालतात. म्हणून आम्ही समितीपुढं असं मांडतो, की वर्ग जानेवारी-फेब्रुवारीत रात्री आठ ते दहा, विहाराच्या सभागृहात व्हावा. सावलीत थाई बोलणारा मास्तर मिळणार नाही. तेव्हा विहारानं एक पडदा आणि चांगला भोंगा घ्यावा, दूरवरून शिकवणाऱ्या थाई शिक्षकाला एकच फी द्यावी आणि आठ-दहा जणांनी मिळून बसावं. एकेका घरानं वेगळी फी भरण्यापेक्षा हे स्वस्त पडेल आणि मुलींनाही रात्री गावाबाहेर जावं लागणार नाही. दहांपैकी निम्म्या जागा मुलींना असाव्या, अशी आमची मागणी आहे. महिना संपला की दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास फक्त थाईत बोलायचं, नाहीतर होळीपर्यंत सगळं विसरून जाईल.

आणि शेवटची परीक्षा कोणती घ्यायची? भाव करता येतो की नाही ही नव्हे. प्रत्येकानं उभं राहून पाच वाक्यं थाईत सांगावी: मी कोण, माझं गाव कोणतं, माझ्या आजा-आजीनं १९५६ मध्ये काय केलं, बाबासाहेब कोण होते आणि आमच्या विहारात तुमचं स्वागत आहे. एवढं ज्याला नीट सुरात सांगता आलं, तो पास. पुढचे हजार तास तो आपल्या पायानं चालेल.

बंधू-भगिनींनो, समितीच्या चिटणीसांकडे वही ठेवली आहे. ज्यांना शिकायचं त्यांनी आज जाण्याआधी नाव लिहावं. ज्यांना शिकायचं नाही त्यांनी त्या पडद्यासाठी यथाशक्ती दान लिहावं. आमचं नाव दोन्ही याद्यांत धरावं. पन्नाशी उलटली म्हणून जीभ वळत नाही असं आम्ही मानत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!