पक्षादेशाचें मुसकें
(भंडारदरा येथील सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



मत आपलें आणि मालकी दुसऱ्याची, असा प्रकार होऊं नये म्हणून पक्षपुढाऱ्यांच्या अधिकारांविषयीं आज आम्ही चार शब्द बोलणार आहों.

आपला अकोले विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठीं व शिर्डी लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठीं राखीव आहे. जागा मिळाली, पण तेथें बसणाऱ्याचें तोंड कोणाच्या हातीं?

१९६७ सालीं हरियाणांत ‘आयाराम-गयाराम’ निपजले. अशांना आवर घालण्यासाठीं १९८५ सालीं ५२ वी घटनादुरुस्ती होऊन दहावें परिशिष्ट आलें. पक्षाच्या परवानगीवांचून पक्षादेशाविरुद्ध मत दिलें किंवा मतदान टाळलें, आणि पक्षानें १५ दिवसांत क्षमा केली नाहीं, तर सभासदत्व जाऊं शकतें. खळ्यावर बैलानें धान्य खाऊं नये म्हणून आपण मुसकें बांधतों, तसेंच हें. हेतु वाईट नाहीं. पण पाण्यावर नेतांना आपण बैलाचें मुसकें सोडतों. खासदाराचें कधीं सुटतें?

कोणी म्हणेल, “मुसकें सोडलें तर सरकार पडेल.” लोकसभेंत अविश्वासाच्या ठरावापुरतें हें खरें. पण राज्यसभेला सरकार पाडतांच येत नाहीं. धनविधेयक तर तिनें १४ दिवसांत परत करावयाचें असतें, आणि तिच्या सूचना मानणें न मानणें लोकसभेच्या हातीं. मग तेथें मुसकें कशाला? तरी दहावें परिशिष्ट दोन्ही सभागृहांना सारखेंच लागू आहे. राज्यसभेच्या निवडणुकींतही २००३ पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते.

आणि दोरी कोणाच्या हातीं? महाराष्ट्रांतील सत्तासंघर्षाच्या प्रकरणांत ११ मे २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळांतील गटाला नसून राजकीय पक्षाला आहे. म्हणजे दोरीचें टोंक सभागृहाबाहेर, पक्षांत आहे. तेथें आपल्यांपैकीं किती जण निर्णयाला बसतात?

पक्षादेश मोडल्याची शिक्षा विश्वास-अविश्वासासारख्या मोजक्या मतदानांपुरतीच असावी, असें दिनेश गोस्वामी समितीनें १९९० सालींच सुचविलें होतें. जंगल, जमीन, पाणी, शाळा यांच्या कायद्यांवर आपल्या माणसाला मोकळेपणीं मत देतां यावें, एवढीच आपली मागणी आहे. मतें मागावयास कोणत्याही पक्षाचा माणूस आला, तर त्याला प्रथम हें विचारा.

जुनीं वतनें गेलीं. पक्षपुढारीपणाचें नवें वतन आपल्याच मतांवर उभें राहिलें, तर जोतीरावांपासून आपण शिकलों काय?

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों. सत्याचा जय असो!